वाचकाचा कान

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या वार्तेने आमच्या चांदूर बाजारासारख्या तालुक्याच्या गावीही समाधान पसरले. त्यानंतरच्या दिवाळीत आमच्या परिचयाच्या तीन-चार घरांत ज्ञानेश्वरीच्या नव्या, सोनेरी अक्षरांच्या प्रती आल्या, आणि त्या दिवाणखान्यात येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस पडतील अशा बेताने ठेवल्या गेल्या. यास आम्ही ढोंग म्हणत नाही. ज्या घरात ग्रंथ निदान पूजेपुरता आहे, त्या घरात तो एखाद्या दिवशी उघडला जाण्याचा संभव तरी असतो. परंतु आमचा व्यवसाय ज्यांस ठाऊक आहे अशी मंडळी त्या दिवसांत भेटली म्हणजे एकच प्रश्न करीत, की आता आणखी काय काय वाचावे? यादी मागणारे पुष्कळ. वाचावे कसे, हे विचारणारा एकही नाही. संत्र्याचे कलम बांधावयाचे तर हात शिकवावा लागतो, भाकरी थापावयाची तर आधी चार भाकरी फाटू द्याव्या लागतात, हे आमच्या वऱ्हाडात कोणीही कबूल करील. वाचन मात्र दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेत एकदा आले ते जन्माचे आले, अशी सुशिक्षितांची गोड समजूत असते.

ही समजूत केवळ आपल्याकडचीच आहे असे नव्हे. केंब्रिज येथे आय. ए. रिचर्ड्स या अध्यापकाने १९२० नंतरच्या दशकात एक प्रयोग केला. त्याने विद्यार्थ्यांपुढे काही कविता ठेवल्या. कवीचे नाव, काळ, काहीही सांगितले नाही. आणि प्रत्येकाने आपले मत मोकळेपणाने लिहून आणावे असे सुचविले. त्या लेखी मतांवरून सिद्ध झालेला 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा त्याचा ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. वाचकांच्या अडचणींची त्याने जी मोजदाद केली, तीत अग्रस्थान रसग्रहणाच्या एखाद्या सूक्ष्म दोषास मिळालेले नाही. कवितेतील वाक्याचा सरळ, साधा अर्थच पुष्कळांस लागलेला नव्हता! हे सर्व वाचक विद्यापीठातले होते आणि कविता त्यांच्याच भाषेतल्या होत्या. आम्ही वर्गात पंचवीसएक वर्षे हेच पाहत आलो आहो. विद्यार्थी मॅक्बेथच्या महत्त्वाकांक्षेवर दोन पाने भरून देतो. त्याच नाटकातील एका वाक्याचा कर्ता कोणता, असे विचारले की खिडकीबाहेर पाहू लागतो. विषय ठाऊक असतो, वाक्य ठाऊक नसते. परीक्षेस विषय पुरतो, म्हणून त्याचे अडतही नाही.

जुन्या मराठी ग्रंथांच्या बाबतीत या अडचणीत आणखी एकीची भर पडते. ते मुळी डोळ्यांसाठी रचलेलेच नाहीत. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, पुरी झाली ती श्रोत्यांसमोर सांगितलेली. लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा निराळे. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांपाशी अवधान मागतात. कोठे श्रोत्यांच्या मनातील शंका आपणच बोलून दाखवितात. कोठे विषय लांबला म्हणून त्यांची मनधरणी करतात. पुढे श्रीधरांचा 'हरिविजय' (१७०२) आणि 'पांडवप्रताप' (१७१२) हेही श्रोत्यांस उद्देशून चालतात. आमच्या लहानपणी आळीत चातुर्मासाची पोथी लागे. एक वाचणारा आणि दुसरा अर्थ सांगणारा, अशी जोडी असे. वाचणाऱ्याने ओवी म्हणून थांबावे, अर्थ सांगणाऱ्याने ती सोडवून दाखवावी, आणि वाती वळीत बसलेल्या एखाद्या म्हातारीने मध्येच हटकावे की, काल तर तुम्ही असे सांगितले नव्हते! ही व्यवस्था आता बहुतेक ठिकाणी मोडली. तिच्या जागी पारायणे वाढली, जेथे शेकडो माणसे एका सुरात, ठरलेल्या मुदतीत, ठरलेले अध्याय संपवितात. पारायणाचे पुण्य आम्ही नाकारीत नाही. परंतु तेथे कोणी हात वर करून 'थांबा, हे समजले नाही' असे म्हणू शकत नाही, एवढे खरे.

या गोष्टीचा इतका विचार करण्यास आम्हांस एक निमित्त झाले. गतवर्षी आषाढात आमच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. अमरावतीस शस्त्रक्रिया झाली, डोळ्यात वायू भरण्यात आला, आणि तो वायू पडद्यास आतून टेकून राहावा म्हणून कित्येक दिवस बहुतेक वेळ पालथे पडून राहावे असा हुकूम झाला. डावा डोळा आधीचाच अधू. वाचन दीड महिना वर्ज्य. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी हेही स्पष्ट सांगून ठेवले की, दुसऱ्या डोळ्याच्या पडद्याचीही हमी देता येत नाही. ज्याचा सारा जन्म छापील कागदावर गेला, त्याला हे वाक्य कसे लागले असेल ते वाचकांनीच ताडावे. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या त्या वेळी औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन नोकरीची वाट पाहत घरीच होती. ती म्हणाली, "मोठे बाबा, मी वाचून दाखवते. काय वाचू?" आम्ही ज्ञानेश्वरी सांगितली. बारावा अध्याय लहान, म्हणून तेथून आरंभ करावा असे ठरले. रात्री जेवणे झाल्यावर पाऊणएक तास वाचन होऊ लागले.

डोळा लबाड असतो. अडलेली जागा तो कोणास न सांगता ओलांडून जातो, आणि पानाच्या तळाशी पोहोचल्यावर पान वाचल्याचे समाधानही घेतो. आवाजास ही सोय नाही. ज्ञानेश्वरीत 'कां' हा शब्द पदोपदी येतो आणि त्याचा अर्थ पुष्कळदा 'किंवा' असा असतो. ज्ञानेश्वर एक दृष्टांत देतात, मग 'कां' म्हणून दुसरा, 'नातरी' म्हणून तिसरा, आणि शेवटी 'तैसे' म्हणून मूळ गोष्टीवर येतात. आमच्या वाचकबाईंनी 'कां' आला की स्वर चढवावा, जणू काही कोणास जाबच विचारला आहे! आजच्या मराठीत 'का' म्हणजे प्रश्न, तेव्हा तिचे तरी काय चुकले? परंतु ती मनात वाचीत असती, तर तो प्रश्न तिच्या मनातच राहिला असता. आम्हांस तो कळला नसता आणि तिलाही आपण काही निराळे वाचीत आहो याचा पत्ता लागला नसता. आम्ही शब्द सोडवून सांगितला. दुसऱ्या रात्री 'कां' पाशी तिचा आवाज सपाट राहिला, 'नातरी' पाशी किंचित पुढे सरकला आणि 'तैसे' पाशी खाली उतरला. त्याबरोबर चार-पाच ओव्यांचे एकच लांबलचक वाक्य आम्हां दोघांच्या पुढे सबंध उभे राहिले. कोठे थांबावे हे ज्यास कळले त्यास वाक्याची घडण कळली. शाळेत हे व्याकरण म्हणून शिकवितात, तेव्हा कोणाच्या गळी उतरत नाही.

तेराव्या अध्यायाशी आलो तेव्हा गावातल्या पेरण्या आटोपत आल्या होत्या. या अध्यायात क्षेत्राचा विचार आहे. हे शरीररूपी शेत कोणाच्या मालकीचे, याविषयी नाना मतांच्या लोकांचा तंटा ज्ञानेश्वर प्रारंभीच रंगवितात. त्यांत पहिले बोलतात ते जीववादी. त्यांचे म्हणणे असे की, शेत जीवाचे. प्राण हे त्याचे कूळ. त्या कुळाच्या घरी चौघे भाऊ राबणारे आणि मन हे कामावर देखरेख करणारे. इंद्रियांचे बैल जुंपून हे कुटुंब वेळ-अवेळ न पाहता विषयांच्या रानात खपते; विहित कर्माची वाफ चुकविते, अन्यायाचे बी पेरते, कुकर्माचे खत घालते, आणि त्या पिकापायी जीवास जन्मोजन्मी दुःख भोगावे लागते. 'वाफ' या शब्दापाशी मुलगी थांबली. तिच्या ओळखीची वाफ भाताच्या भांड्यातली. पुस्तकाच्या तळटीपेत 'योग्य वेळ' असा अर्थ दिलेला होता आणि तो बरोबरच होता.

आमचे वावर मक्त्याने करणारे गृहस्थ त्या रात्री प्रकृतीची चौकशी करावयास आले होते व दाराशी खुर्ची घेऊन बसले होते. वयाने आम्हांहून दहा-बारा वर्षांनी वडील, शाळा चौथीपर्यंतची. ते म्हणाले, "वाफ म्हंजे वापसाच ना, भाऊ. पाणी पडल्यावर वावर निरा चिखल राह्यते, तवा पेरता येत नाही. आन् निरं सुकून गेल्यावर पेरलं तं बी निंगत नाही. मंधात दोन दिवस सापडतात. ते गेले का गेले."

'योग्य वेळ' या दोन शब्दांत हे दोन दिवस कोठे आहेत? योग्य वेळ घड्याळात असते. वापसा जमिनीच्या पोटात असतो. तो धरावयाचा तर रोज सकाळी वावरात जाऊन ढेकूळ हाताने फोडून पाहावे लागते. विधीची वाफ चुकली असे ज्ञानेश्वर म्हणतात, तेव्हा कर्तव्याचा मुहूर्त टळला एवढेच त्यांस म्हणावयाचे नाही. करणाऱ्याने मातीकडे लक्ष दिले नाही, असा त्यात दोष आहे. कोश उशाशी घेऊन बसणाऱ्या वाचकास हा अर्थ मिळणे कठीण. कोश वाईट म्हणून नव्हे, तर कोश पेरणी करीत नाही म्हणून. आमच्या वऱ्हाडी बोलीस हसणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी जाता जाता एवढेच नमूद करतो की, जुन्या ग्रंथांतला 'साजिरे' हा शब्द अन्यत्र कवितेच्या वहीत जाऊन बसला. आमच्याकडे आठवडी बाजारात वांगी देखील अद्याप साजरी असतात.

परंतु त्या रात्रीची मोठी गोष्ट याच्या पुढेच आहे. शेताचे वर्णन संपले, आणि ते गृहस्थ विचारते झाले, "पण हे ज्ञानोबांचं सोताचं म्हणणं हाय, का त्या पयल्या माणसाचं?" पदव्युत्तर वर्गात हा प्रश्न आमच्या कानी फार थोड्या वेळा पडला आहे. शेतीच्या वाटणीचे तंटे ज्याने पंचांपुढे बसून ऐकले, त्यास बोलणे कोणाचे हे आधी पाहण्याची सवय असते. आम्ही पुस्तकी माणसे बोलणे कसे आहे यावर आधी लुब्ध होतो. कारण पुढे लगेच प्रकृतिवादी उठतात आणि जीववाद्यांचा दावा खोडून काढतात. त्यांस संकल्पवादी आडवे येतात. मग स्वभाववादी, त्यावर काळवादी. प्रत्येकाचे बोलणे ज्ञानेश्वर असे काही खुलवितात की, तो बोलत असेपर्यंत तोच खरा वाटावा. शेताची उपमा तेवढी उचलून 'ज्ञानेश्वर म्हणतात' असे तिच्याखाली लिहिणे सुभाषितसंग्रहास शोभेल; वाचकास शोभत नाही. वचन वेचणारा आणि ग्रंथ वाचणारा यांत जो भेद आहे तो याच ठिकाणी दिसतो. दुसऱ्याचे मत त्याच्या तोंडी बलवान करून मांडण्याची ही रीत, तीत मांडणारा स्वतः कोठे उभा आहे हे अध्यायभर लक्ष ठेवून ओळखावे लागते.

ज्यास वाचन दुसऱ्याच्या तोंडून घेणे प्राप्त झाले आहे, त्यास आमच्या तालुक्यात एका पुरुषाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. चांदूर बाजार तालुक्यातील माधान हे गुलाबराव महाराजांचे गाव. आडनाव मोहोड, घर शेतकऱ्याचे. जन्म ६ जुलै १८८१ चा, लोणी टाकळी येथला. अवघ्या नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. आईही लहानपणीच गेली. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले तेव्हा वयास पस्तिसावे वर्ष चालू होते. एवढ्या आयुष्यात त्यांच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ आहेत. मराठी आहेत, संस्कृत आहेत, हिंदी आहेत. ओव्या, अभंग, सूत्रे, पत्रे, प्रश्नोत्तरे, असा त्यांचा विस्तार आहे. वेदान्त आणि भक्ती हे मुख्य विषय खरे, पण आयुर्वेद व संगीत हेही त्यांत आहेत, आणि डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचा परामर्शही त्यांनी घेतला आहे. लोक त्यांस प्रज्ञाचक्षू म्हणतात.

त्यांच्याविषयी चमत्काराच्या कथा पुष्कळ आहेत. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी त्या अवश्य मानाव्या. आम्हांस मात्र एका साध्या प्रश्नाने अधिक पछाडले. स्पेन्सर माधानास पोहोचला कसा? कोणीतरी तो वाचला असला पाहिजे; कोणीतरी त्याचे इंग्रजी मराठीत उतरवून सांगितले असले पाहिजे; आणि ऐकणाऱ्याने, मागचे पान उलटून पाहण्याची काहीएक सोय नसता, तो सारा युक्तिवाद मनात क्रमवार लावून ठेवला असला पाहिजे. प्रवासातही त्यांच्याबरोबर ग्रंथांच्या पेट्या असत असे सांगतात. डोळस मनुष्य आज हजार पुस्तके खिशातल्या यंत्रात घेऊन हिंडतो आणि त्यांतले एकही उघडीत नाही. या गृहस्थाने पेट्या बाळगल्या, त्या दुसरा मनुष्य शेजारी येऊन बसल्याखेरीज त्यांस मुक्या होत्या. प्रत्येक पानास कोणाचा तरी घसा आणि कोणाचा तरी वेळ लागला. जे पान असे मिळते ते कोणी अर्धवट लक्षाने ऐकेल काय? त्यांची सर्व मते आम्हांस पटतात असे नाही. विकासवादावरील त्यांचे आक्षेप आजच्या ज्ञानापुढे टिकतील असे आम्हांस वाटत नाही. पण जे पटले नाही त्याचीही दखल घ्यावी म्हणून ते आधी कोणाकडून तरी ऐकून घेणे, एवढे कष्ट त्यांनी माधानात बसून केले. विद्यापीठांत बसून ते न करणारे आम्ही पाहिले आहेत.

ते स्वतःस ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवीत. त्यामागील मधुराद्वैताचा विचार सांगण्याचा आमचा अधिकार नाही. वाचक या नात्याने मात्र या शब्दाने आमचे लक्ष वेधले. शिष्य म्हणविता आले असते, दास म्हणविता आले असते. त्यांनी कन्या म्हटले. शिष्य गुरूपाशी उपदेशाच्या वेळी असतो. कन्या घरात वाढते. वडिलांचा आवाज ती दिवसभर ऐकते; कोणते वाक्य ते कळवळून बोलले आणि कोणते थट्टेत, हे तिला कोणी टीप देऊन सांगावे लागत नाही. जो ग्रंथ शेकडो वेळा कानावरून गेला आहे, त्याच्याशी असे नाते जडत असावे.

याच्या उलट चित्र इंग्रजीच्या इतिहासात आहे. मिल्टन १६५२ च्या सुमारास पूर्ण आंधळा झाला आणि १६६७ साली निघालेले 'पॅराडाइस लॉस्ट' त्याने तोंडाने सांगून इतरांकडून लिहविले. त्याच्या मुली त्यास ग्रीक, लॅटिन, हिब्रू वाचून दाखवीत. त्यांस उच्चार तेवढे शिकविले होते, अर्थ नव्हे, आणि हे काम त्यांस जाचक झाले, असे त्याच्या भाच्यानेच लिहून ठेवले आहे. आम्ही ही हकीकत पुतणीस सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पण मग त्या थांबत कुठे असतील?"

चांदूर बाजाराहून जवळच, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर आहे. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू तेथे राहत; चक्रधरांच्या पश्चात नागदेवादी मंडळी तेथेच येऊन राहिली; आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते तेथेच. मराठीतला हा आद्य गद्यचरित्रग्रंथ. म्हाइंभटांनी तो कल्पनेने लिहिला नाही. ज्यांनी पाहिले व ऐकले त्यांस गाठून, विचारून, एकेक आठवण मिळविली. पुढे यादवांचे राज्य बुडताना जी धामधूम झाली तीत मूळ पोथी गेली, असे परंपरा सांगते, आणि शिष्यप्रशिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. स्मरणे अर्थात सर्वांची एक नव्हती. अशा वेळी जे त्यांनी केले त्याचे आम्हांस फार कौतुक वाटते. ज्याचे स्मरण निराळे, त्याचे नाव देऊन तो पाठ त्यांनी तेथेच नोंदविला. त्यास ते 'वासना' म्हणतात. ग्रंथावर निस्सीम श्रद्धा, आणि तरीही अमक्याच्या आठवणीत हे असे आहे ही कबुली, या दोन्ही गोष्टी एका पानावर नांदतात. पाठभेदाची चिकित्सा आपण युरोपाकडून शिकलो असे समजणाऱ्यांनी हे पान पाहावे. ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिचा पाठ शुद्ध करणारे एकनाथही याच मातीतले.

आणि हे ग्रंथ कोणासाठी? केशवराज सूरींसारखा पंडित संस्कृतात लिहू पाहतो, तेव्हा नागदेव त्यास आवरतात. तसे केल्यास आपल्यातील म्हाताऱ्या त्यास मुकतील अशी त्यांची तक्रार. त्या म्हाताऱ्यांतील कितीजणींस अक्षरओळख होती? बहुतेकींचे वाचन कानानेच होणार, हे गृहीत धरून नागदेवांनी भाषा ठरविली. महदाइसेचे धवळे रिद्धपुरी गायिले गेले. ती मराठीची आद्य कवयित्री म्हणून आज ठाऊक आहे, परंतु लीळाचरित्रात ती पदोपदी भेटते ती प्रश्न विचारणारी म्हणून. ऐकावे, अडावे, विचारावे, पुन्हा ऐकावे, हाच तिचा अभ्यासक्रम.

पुढे पंथाने आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली; यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी ग्रंथ उजेडात आणले; कोलत्यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली निघाले. गोविंदप्रभूंचे चरित्र ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने इंग्रजीत नेले ते १९८४ साली प्रसिद्ध झाले. रिद्धपुरास २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ आहे. या सर्वांचा आम्हांस अभिमान आहे. पण लिपीची किल्ली राजवाड्यांनी दिली ती देवनागरी जाणणाऱ्यास पुरेल इतकीच. त्यापुढचे कुलूप प्रत्येक पिढीस आपल्या हाताने काढावे लागते, आणि ते दर्ज्याने किंवा इमारतीने निघत नाही. त्या विद्यापीठात रोज एक तास केवळ मोठ्याने वाचण्याचा व ऐकणाऱ्याने हटकण्याचा ठेवला, आणि त्यात आसपासच्या गावांतल्या जाणत्या शेतकऱ्यांस व म्हाताऱ्यांस सन्मानाने बोलाविले, तर आमच्या मते ते पदवीच्या एका प्रश्नपत्रिकेहून अधिक कामाचे होईल.

कोणी म्हणेल, हे सर्व आता यंत्र करते. पुस्तक समोर धरले की ते वाचून दाखविते. आम्ही तेही करून पाहिले. यंत्राचा उच्चार वाईट नव्हता. परंतु ते 'कां' पाशी अडत नाही, 'वाफ' पाशी थांबत नाही, आणि सात ओव्यांनंतर आपणांस झोप लागली हे त्यास कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इतक्या सावकाश वाचावयाचे तर जन्मात पुस्तके होणार किती? थोडी होतील. सर्वच पुस्तके अशी वाचावी असे आमचे म्हणणेही नाही. हरि नारायण आपट्यांची कादंबरी एका बैठकीत, दिवा जाईपर्यंत वाचावी. वर्तमानपत्र तर चहाबरोबर संपवावे. पण ज्या दहा-पाच ग्रंथांस आपण अभिजात म्हणतो, त्यांच्यासाठी वेग राखून ठेवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांच्या आसपास ओव्या आहेत. आमच्या चालीने रोज चाळीस-पन्नास होतात. म्हणजे सहा-सात महिने. एका पिकाच्या पेरणीपासून दुसऱ्याच्या मळणीपर्यंतचा हा काळ.

डोळा आता बराच सुधारला आहे. सरळ रेष किंचित वाकडी दिसते, ठळक टाइपाचे पान सकाळच्या उजेडात वाचता येते. मुलीस मार्गशीर्षात हैदराबादेस नोकरी लागली. वाचन थांबले नाही. आठवड्यातून चार रात्री नऊच्या सुमारास ती दूरध्वनीवरून वाचते, आणि मक्त्याने वावर करणारे आमचे स्नेही मोकळे असले की येऊन बसतात. सध्या लीळाचरित्र चालू आहे. गेल्या आठवड्यात एका लीळेच्या शेवटी वासना आली. कोण कोणापाशी प्रथम आले, एवढ्यापुरताच दोन स्मरणांत फरक. मुलीस पहिला पाठ खरा वाटतो, आम्हांस दुसरा. स्नेही म्हणतात की, दोघेही साक्षीदार खरे असतील, उभे असतील निरनिराळ्या अंगांना. त्यावर मुलीचे म्हणणे पडले की, मग ती जागाच पाहिली पाहिजे. पंथाच्या 'स्थानपोथी'त अशा स्थळांची नोंद आहे. तीत ही जागा कोठे सापडते ते आम्ही उजेडाच्या वेळी बसून पाहावयाचे, आणि ती दिवाळीस घरी आली म्हणजे तिघांनी रिद्धपुरास जावयाचे, असे ठरले आहे.